चिरनेरच्या देवळातला गज आणि आठ नावं

खाडीकाठचा (२६ सप्टेंबर, रात्री)

काल चिरनेरला जाऊन आलो. दर वर्षी ठरवतो आणि दर वर्षी ऑफिस आडवं येतं. यंदा आईच म्हणाली, "मी चालतेय-फिरतेय तोवर एकदा ने." आईचं माहेर उरण तालुक्यातलं, त्यामुळे २५ सप्टेंबर हा दिवस तिच्या लहानपणात दिवाळी-शिमग्यासारखाच पक्का बसलेला आहे.

पाऊस होताच. स्मारकापाशी शाळेची पोरं छत्र्या मिटून रांगेत उभी केलेली. पाहुणे आले, हार झाले, आणि मग पोलिसांच्या तुकडीने हवेत फैरी झाडून मानवंदना दिली. पहिल्या बाराला पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं कानांवर हात ठेवून खालीच बसली आणि एकमेकांकडे बघून हसायला लागली. आई माझ्या दंडाला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "तवा पण वरच मारल्या असत्या तर?"

मला काही बोलता येईना. तीच खाकी, त्याच बंदुका (म्हणजे त्याच नव्हेत, पण कळलं असेल), फक्त नळीचं तोंड यंदा आभाळाकडे.

ज्यांना चिरनेर म्हटल्यावर फक्त महागणपतीचं देऊळ आठवतं त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३० साली मार्च-एप्रिलात मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, हे आम्हा मिठागरवाल्यांना काय सांगायचं! मग चळवळ जंगलात शिरली. विदर्भात लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलैला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सुरुवात केली, आणि लोण ठिकठिकाणी पसरलं. आमच्याकडे २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांतून हजारो माणसं कोयते घेऊन जमली. आगरी, कोळी, कातकरी, सगळी. लाकूड तोडायचं, कायदा मोडायचा, अटक झाली तर व्हायचं, एवढाच बेत. त्याऐवजी गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले:

धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी, दोघे चिरनेरचे. आलू बेमट्या म्हात्रे, दिघोडे. आनंदा माया पाटील, धाकटी जुई. रामा बामा कोळी, मोठी जुई. रघुनाथ मोरेश्वर न्हावी, कोप्रोली. परशुराम रामा पाटील, पाणदिवे. हसुराम बुधाजी घरत, खोपटे.

आणि त्याच गोळीबारात सरकारी मामलेदार जोशीही मारले गेले. त्यांच्या मरणाबद्दल गावोगाव वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, त्यात मी पडत नाही.

कार्यक्रमानंतर देवळात गेलो. खिडकीच्या लोखंडी गजावर गोळीची खूण आहे, ती आईला दाखवायची होती. तिनेच मला दाखवली. तिथे गर्दी नव्हती. तिने गजावर बोट फिरवलं, आपण बाळाच्या टाळूवर फिरवतो तसं, आणि म्हणाली, "आठांची नावं सांग बघू."

मला नाग्या कातकरी आठवला. बास. इंजिनिअरिंगची डिग्री, पंचवीस वर्षं नोकरी, कुठल्या मॅचमध्ये कोणी किती रन काढले ते तोंडपाठ, आणि इथे आठातलं एक. आईला तीन आली. बाकीची आम्ही स्मारकापाशी परत जाऊन वाचली. वर लिहिलीत ती रात्री घरी येऊन पाठ केल्यावर.

धागा काढायचं कारण तेवढंच. तुमच्या गावात असा दगड, स्तंभ, चौथरा आहे का? त्याच्यावर नावं आहेत की नुसता आकडा? आणि असली तर तुम्हाला किती येतात? खरं सांगा, मी सांगितलंय.

---

राबवाला

वाचनखूण साठवली. एक भर घालतो, कारण "झाडं तोडायला गेले" म्हटलं की आजच्या शहरी वाचकाला ते पर्यावरणाचे शत्रू वाटतात.

कोकणात भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. जमिनीच्या तुकड्यावर शेण, टहाळ (म्हणजे झाडांच्या पाल्यासकट छाटलेल्या फांद्या), पातेरा, वर माती असे थर घालून उन्हाळ्यात ते पेटवायचं. तण मरतं, राखेचं खत होतं, पहिल्या पावसात तिथे रोप तरारून येतं. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. जंगल 'राखीव' झाल्यावर हा टहाळ आणणं म्हणजे चोरी झाली. फॉरेस्टचा गार्ड दंड करायचा, कोयता जप्त करायचा, कोंबडी वेगळी. कातकऱ्यांचं तर सगळंच जंगलात: कोळसा, लाकूडफाटा, कंदमुळं. त्यामुळे 'कायदा मोडला' हे पुस्तकातलं वाक्य. त्यांच्या दृष्टीने ते बापजाद्यांपासून करत आले तेच करत होते, फरक इतकाच की त्या दिवशी दिवसाढवळ्या, सगळ्यांनी मिळून.

आमच्या घरी अजून एक पाटा राब भाजतो. वडील हट्टाने.

---

साताऱ्याची सून

धागा वाचून अंगावर काटा आला. माझं सासर सातारा तालुक्यात, अपशिंगे मिलिटरीपासून लांब नाही. अपशिंग्याचं नाव ऐकलं असेलच. घरटी फौजी, म्हणून गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी तिथे स्मारक केलं.

पण मला सांगायचंय ते माझ्या माहेरच्या दगडाबद्दल. चावडीच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची एक छोटी पाटी आहे. इंग्रजीत लिहिलंय. लहानपणी आम्ही तिच्यावर पाठ टेकून लपाछपीचे आकडे मोजायचो. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा नीट वाचली. अर्थ असा: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. झालं. गावाचं नाव, दोन आकडे. एकही माणूस नाही.

आजीला विचारलं, हे कोण गं? ती म्हणाली, "कुणाचं कोण, गेली तिकडं बसऱ्याला." 'बसऱ्याला जाणे' हा आमच्याकडे तेव्हा वाक्प्रचारच होता म्हणे, परत न येणाऱ्याबद्दल. बसरा इराकात आहे हे मला खूप नंतर कळलं.

तुमच्याकडे आठ नावं तरी आहेत हो.

---

मुद्द्याचं बोला

धागा चांगला आहे, पण सरमिसळ होतेय. चिरनेरचे लोक इंग्रजांच्या गोळीने मेले. महायुद्धातले इंग्रजांच्या पगारावर, इंग्रजांसाठी मेले. दोघांना एकाच ओळीत बसवायचं हे पटत नाही. स्वातंत्र्यासाठीचं बलिदान म्हणायचं तर ते चिरनेर, वडूज, सोलापूर. बसरा नाही. राग मानू नका.

---

साताऱ्याची सून

राग नाही. पण पगारावर गेला म्हणून त्याचं नाव पुसायचं का? दुष्काळी गाव. घरात सहा तोंडं. भरतीवाला आला, गेला.

---

दप्तरी

मुद्द्याचं बोला यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर दोन ओळींत मावणारं नाही. मला कागद चाळायचा नाद आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बसऱ्याबद्दल. १९१४ च्या शेवटी जी फौज मेसोपोटेमियात उतरली ती सहावी (पूना) डिव्हिजन. नावातच पुणं. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. बगदादच्या दिशेने पुढे गेल्या, मागे रेटल्या गेल्या, आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात कोंडल्या गेल्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी खायला घोडे उरले, तेही संपत आले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेल्यांना तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवत नेलं. तुमच्या आजीच्या वाक्प्रचारामागे हे आहे.

आता दगडाचं. बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक बांधलं. ब्रिटिश शिपाई असेल तर त्याचं नाव कोरलेलं. हिंदी असेल तर अधिकाऱ्याचं नाव, आणि साध्या शिपायांचा पलटणीमागे आकडा. 'आणि इतर इतके हिंदी सैनिक.' म्हणजे तुमच्या चावडीवरची पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच हिशेबाची. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ साली अहवाल काढून हे कबूल केलं, माफीही मागितली. वंशभेद हा शब्द त्यांनीच वापरलाय, मी नाही.

पण एक चांगली गोष्ट. दगडावर नसली तरी नोंदवहीत बरीच नावं आहेत आणि त्या कमिशनच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलाय. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाला ऐकू आलं तसं, तेव्हा चार-पाच प्रकारे लिहून बघा. साताऱ्याची सून, माहेरच्या गावाचं नाव टाकून बघाच.

आणि मुद्द्याचं बोला, तुमच्यासाठी तारखा. चिरनेर, २५ सप्टेंबर १९३०. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी, १२ जानेवारी १९३१. आणि बरोबर एका महिन्याने, १२ फेब्रुवारी १९३१ ला, दिल्लीत व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते इंडिया गेटचं उद्‌घाटन. तेरा हजारांवर नावं, साम्राज्यासाठी मेलेल्यांची. एक हात नावं कोरत होता, दुसरा फाशीचा दोर ओढत होता, आणि दोन्ही हात एकाच सरकारचे. आपल्या घरांतून माणसं दोन्हीकडे गेली होती. मला सरमिसळ वाटत नाही ती म्हणून. एकाच घरातले दोन भाऊ दोन यादीत असू शकतात.

---

मुद्द्याचं बोला

फेब्रुवारी १९३१ ची तारीख माहीत नव्हती. विचार करतो. तरी हुतात्मा हा शब्द मी दोघांना वापरणार नाही.

---

शब्दवेडी

अवांतर, पण शब्दांवर आलाच आहात तर. 'हुतात्मा' हा शब्द सावरकरांनी रूढ केला. 'हुत' म्हणजे होमात आहुती दिलेलं. बातम्यांत सर्रास वापरतात तो 'शहीद' आपल्या सैन्याच्या सरकारी भाषेत नाहीच. तिथे लढाईत मृत्यू एवढंच लिहितात. आणि या दोघांच्या आधी मराठीत होता तो 'धारातीर्थी पडला'. तलवारीची धार हेच तीर्थ. माझ्या पणजीच्या तोंडी 'रणात कामास आला' असं असायचं. कामास आला! शेवटचा शब्द किती साधा, नि किती जड.

---

वीरगळ शोधतोय

नावाचाच विषय आहे तर आमच्या दगडांचंही ऐका. वेशीबाहेर, देवळाच्या मागे, कुठे गोठ्याच्या भिंतीत चिणलेले वीरगळ पाहिले असतील. साधारण तीन चौकटी: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. पण गाव विसरलेलं नसतं. शेंदूर फासतात, नारळ फोडतात, कोणी त्याला म्हसोबा म्हणतं कोणी वेताळ. नाव गेलं, मान राहिला. चिरनेरला उलट झालंय: नाव आहे आणि...

वाक्य पुरं करत नाही. धागाकर्त्याने स्वतःच केलंय ते.

---

माणगावकर

रायगडचाच आहे म्हणून लिहितो. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तहसील कचेरीपाशी. व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे पडले. एकटा माणूस उरला. तो धावत सुटला, ग्रेनेड टाकून गन बंद केली, एकाला गोळीने मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. वय बावीस.

आता मुद्द्याचं बोला यांच्या हिशेबाने हा माणूस कुठे बसवायचा? राजाचं पदक छातीवर, पण लढला फॅसिस्टांशी. चौदा वर्षं आधी त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरला आठ जण त्याच राजाच्या पोलिसांनी मारले. घाडगे तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. चिरनेरची बातमी त्यांच्या गावापर्यंत पोचली असेल का, हा प्रश्न मला पुतळ्यासमोरून जाताना दर वेळी पडतो. बाजारात आलेल्या माणसांकडून पोचलीच असणार असं वाटतं.

---

पेरुजाची पाहुणी

नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं इटलीत आहे, आणि माणगावकरांनी नाव घेतल्यावर गप्प बसवेना. इथे पेरुजाजवळ मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. तिथे जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांचं स्मारक झालं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो असा.

आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे काका कुत्र्याला फिरवत होते. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं की हा माझ्या भाषेचा माणूस. त्यांनी टोपी काढली आणि नाव कसं म्हणायचं ते विचारलं. घाडगे काही त्यांना जमेना. गाद्गे, गाज्जे, घादे. पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं माझ्याकडून. कुत्रा कंटाळून खाली बसला. मी गावी फोन करून सांगितलं तर आमचे काका म्हणाले, "कोण घाडगे?"

---

जुईचा बाल्या

मी त्याच पट्ट्यातला हाय. नीट मराठीत लिवाला येत नाय असा नाय, पन यो आमचे बोलीनच सांगाचा हाय.

माजा आजा सांगाचा, झारा तोराला गेलती मानसा, लराया नव्ह. भाकऱ्या बांधून नेल्या होत्या. सांजचे घरा येवाचा होता. कनचे घरान चुलीवर भात तसाच ऱ्हायला. आजा सांगाचा तवा आमी हसत बसाचो, मना आता लाज वाटते.

आमचे गावान नाव पाठ हाय पोरांना. शालेन नाय शिकवत, घरान शिकवतान.

---

दास्तान फाटा

चिरनेर म्हणताय, चांगलं आहे. पण आमच्या तालुक्यात हुतात्मा म्हटलं की दोन तारखा आहेत. जानेवारी १९८४, जासई. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्ध शेतकरी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण गेले. तेव्हा इंग्रज नव्हता. त्यांच्यासाठी कोण धागा काढणार? स्वातंत्र्य मिळालं म्हणता, कोणाला मि...

*[संपादक: जासईच्या लढ्यावर जरूर स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर बोलता येईल. पुढचा राजकीय भाग आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद हलवले आहेत.]*

---

खाडीकाठचा

संपादकांचं बरोबर, पण दास्तान फाटा यांचंही चूक नाही. काल आईनेही परतताना जासईला गाडी थांबवायला लावली होती. मी लिहिलं नव्हतं.

---

रिटायर्ड सुभेदार

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात दोनदा जाऊन आलो. २०१९ च्या फेब्रुवारीत ते खुलं झालं. गोलाकार भिंती आहेत, त्यांना त्यागचक्र म्हणतात. ग्रॅनाइटच्या एकेका पाटीवर एकेक नाव, पंचवीस हजारांहून जास्त, सगळी स्वातंत्र्यानंतरची. माझ्या पलटणीच्या एका पोराचं नाव शोधायला मला चाळीस मिनिटं लागली. सापडल्यावर हात लावला. ऊन होतं, दगड तापला होता. संध्याकाळी तिथे रोज एका जवानाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. तो भाग मला आवडला. मंत्री नाही, आई किंवा बायको.

आता दुसरी बाजू. त्याच पोराची बायको आमच्या शेजारच्या तालुक्यात राहते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला तिला कार्यक्रमाला बोलावतात. पाहुणे येईपर्यंत उन्हात उभी. मग शाल, श्रीफळ, फोटो. घरात चौदा शाली आहेत म्हणते. जावांना वाटून टाकल्या.

आणि पेन्शनच्या कागदात तिचं नाव चुकलं होतं. पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचं पाळण्यातलं नाव, आधारवर लग्नानंतरचं. तो भरती झाला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमध्ये बदल नोंदवणारा कागद) निघते, तिच्यात कारकुनाने जे ऐकलं ते टंकलं. ते दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात. नाव घेत नाही कोणाचं. दीड वर्ष गेलं. नवऱ्याचं नाव दिल्लीत दगडावर पक्कं कोरलेलं, आणि बायकोला रोज सिद्ध करायचं की मी तीच.

जे फौजेत आहेत, वाचत असतील, त्यांनी आज रात्री एक काम करा. बायकोचं, आईचं, मुलांचं नाव रेकॉर्डला, बँकेत आणि आधारवर अक्षर न् अक्षर एकसारखं आहे का बघा. नसेल तर सुट्टी संपायच्या आत कागद टाका. जिवंत माणसाच्या सहीने ते महिन्याभरात होतं.

---

फौजीची बायको २२

सुभेदार साहेब, आत्ता उठून बघितलं. माझं 'ज्योती' एका ठिकाणी वायने आहे, एका ठिकाणी आयने. ह्यांना मेसेज टाकलाय. धन्यवाद म्हणायलाही कसंतरी वाटतंय.

---

आमच्याकडचं कुलूप

अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायची योजना निघाली. दोनशेच्या आसपास झाली. कल्पना छान होती: नुसता खांब नको, छोटा हॉल, वाचनालय, बाग. आमच्या तालुक्यातल्या स्मारकाची (नाव लिहीत नाही, गावकी आहे) आजची स्थिती: हॉलला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही, पायऱ्यांवर पत्ते. बागेत कोणीतरी तूर वाळत घालतं. खरं सांगू? तुरीचा मला राग येत नाही. निदान कोणीतरी रोज येऊन बसतं तिथे. राग येतो तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फासतात त्या चुन्याचा. नावांच्या अक्षरांत चुना भरलाय, आता बोटाने चाचपूनच वाचावं लागतं.

---

साताऱ्याची सून (चार दिवसांनी)

दप्तरी, सापडलं. माहेरच्या गावाचं स्पेलिंग सहाव्या प्रयत्नात जमलं. तीन नोंदी. त्यातल्या एकाच्या बापाचं नाव आणि आमच्या भावकीतलं एक नाव जुळतंय. बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे तो पळून गेला नव्हता." घरात शंभर वर्षं असंच सांगत आले होते की एक जण पळून गेला, मुंबईला कुठेतरी राहिला.

चावडीवरच्या पाटीखाली तीन नावांची छोटी पाटी बसवायचं बाबा सरपंचांशी बोलतायत. मराठीत.

---

मुद्द्याचं बोला

ती पाटी झाली की फोटो टाका. पाटीच्या खर्चात माझेही काही चालतील.

---

खाडीकाठचा (पुढच्या रविवारी)

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शेवटचं लिहितो.

काल आईला घेऊन परत गेलो, या वेळी कार्यक्रम नसताना. माणसं आठ, गावं सात. ती सातही करायची होती. दिघोडे, चिरनेर, मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे. रस्ते अरुंद, कंटेनर अंगावर येणारे, मध्येच आईला चहा. प्रत्येक गावात पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारायचं की इथले हुतात्मा कोण. बाल्याचं म्हणणं खोटं नाही. एका गावात टपरीवर बसलेल्या पोराने मोबाइलमधून मान वर न काढता पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि अंगठ्याने दिशा दाखवली. एका गावात मात्र नुकत्याच राहायला आलेल्या बाईने विचारलं, "हुतात्मा म्हणजे कुठल्या बिल्डिंगला?"

आईने पिशवीत वही ठेवली होती, किराण्याची. प्रत्येक ठिकाणी उतरून दगडावर बघून नाव लिहायची. चष्मा पुसायचा, एक अक्षर, परत वर बघायचं. खोपट्याला शेवटचं लिहून झालं, गाडीत बसली आणि यादी मोठ्याने वाचायला लागली. फोफेरकर, म्हात्रे, पाटील, घरत. मग थांबली.

"हे कोळी, न्हावी, कातकरी... ही काय आडनावं झाली? या तर जाती."

मी म्हटलं, तेव्हा कागदावर तसंच लिहायचे असतील.

"आमच्याकडे लाकडं घेऊन यायची ती कातकरीण वाघमारे होती. तिची जाऊ मुकणे. हिलम आहेत, पवार आहेत." खोपट्याचा पूल येईपर्यंत ती वहीत बोट घालून बसली होती. मग म्हणाली, "याचं काय असेल रे, नाग्याचं?"